दोन बोटं वर

ताईचं काम सांगायला सोपं होतं. सकाळी सहाच्या आत डेपोत यायचं, रांगेत उभ्या असलेल्या कचऱ्याच्या गाड्यांच्या पुढच्या झडपा उघडायच्या, इंजिनातली ऑइलची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालून परत ओढायची, आणि तेल कुठवर लागलंय ते रजिस्टरात लिहायचं. पट्टीवर खुणा दोन. तेल खालच्या खुणेच्या खाली गेलं तर 'कमी', दोन खुणांच्या मधे असलं तर 'बरोबर'. रजिस्टरात रकानेही दोनच. ज्याने कोणी ते छापलं त्याला तिसरी शक्यता सुचली नव्हती, आणि एकोणीस वर्षांत ताईलाही तिची कधी गरज पडली नव्हती. इंजिन म्हातारं झालं की तेल पितं, हे सगळ्यांना ठाऊक. न पिता पोट वाढवून बसलेलं इंजिन कुणी पाहिलंय?

म्हणून नव्या गाडीचं तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर दिसलं तेव्हा तिला आधी हसूच आलं. कंपनीने लाडाने जरा जास्तच पाजलेलं दिसतंय, असं म्हणून तिने 'बरोबर'खाली टिक केली. पुढच्या शनिवारी तेल दोन बोटं वर होतं. त्या दिवशी ती हसली नाही.

ताईचा नवरा याच डेपोत मेकॅनिक होता. तो गेल्यावर डेपोने तिला कामावर घेतलं. मेकॅनिकच्या जागेवर नाही, फक्त तेल बघायला. पट्टी कशी बघायची, तेल दोन बोटांत चोळून कसं ओळखायचं, हे तो जिवंत असताना जेवता जेवता सांगायचा आणि ती "बरं बरं, हात धुवा आधी" म्हणायची. तेवढ्या शिक्षणावर तिची नोकरी उभी होती. तिने तेल चोळलं. ते बोटांवरून पाण्यासारखं पळालं. मग तिने बोटं नाकाशी नेली आणि रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या बारक्याला हाक मारली.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण दारातून आत येताना मान वाकवावी लागे. आई गेली तेव्हा तो सहाचा होता, ताई सोळाची. त्यामुळे ती त्याची बहीण किती आणि आई किती, हे दोघांनी कधी मोजलं नाही. माणूस लाख, खोड एक: धरलेलं सोडून द्यायचं. शाळा सोडली, बसवरची नोकरी सोडली, गोदामातली सोडली, मधे एकदा घरही सोडलं होतं आणि चौथ्या दिवशी भूक लागली म्हणून परत आला. मुकादमाने त्याला ताईच्या शब्दावर घेतलं. शब्दावर घेतलेल्या माणसाला घालतात तशी अटही घातली. नवी गाडी त्याच्या हाती, पण सहा महिने ती एक दिवसही बंद राहता कामा नये. राहिली तर बारक्या घरी आणि गाडी दुसऱ्याकडे. सहा महिने निभावले की कायम. त्यातले साडेचार झाले होते.

"वास घे," ताई म्हणाली.

"सकाळी सकाळी? कचऱ्याचा पुरत नाही का?"

"घे म्हणते ना."

त्याने घेतला. चेहरा बदलला. "डिझेल."

"तेलात डिझेल कुठून आलं?"

"मला काय विचारतेस? मी काय बाटलीने ओतलं?"

"बारक्या, मला खरं सांग. ही गाडी तू चालवतोस कशी?"

तेव्हा त्याने पिवळ्या दिव्याचं सांगितलं. नव्या गाडीच्या सायलेन्सरमधे धूर गाळायचा फिल्टर असतो. तो काजळीने भरला की इंजिन आपणहून त्याची सफाई करतं. समोर पिवळा दिवा लागतो, इंजिन जोरात फिरायला लागतं, सायलेन्सर भट्टीसारखा तापतो. बारक्याच्या वाट्याला बावीस गल्ल्या. दारादाराशी थांबायचं, डबे रिकामे करायचे, पुढे सरकायचं. असा सायलेन्सर कुणाच्या खिडकीखाली तापला की वरून शिव्या येतात. एकदा तर एका आजीबाईंनी अख्खी बादली ओतली होती.

"मग?"

"मग काय, चावी बंद करायची, परत लावायची. दिवा गप्प."

"दिवसातून किती वेळा?"

"तीन. चार. गल्ल्यांत दुसरा उपाय काय गं? मीच शोधून काढलंय ते."

"कंपनीच्या माणसाने काय सांगितलं होतं?"

"दिवा लागला की मोकळ्या रस्त्याने अर्धा तास पळवा. मला मोकळा रस्ता दाखव, मी पळवतो. गाडी रस्ता सोडून वळली की मुकादमाच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसतं. लगेच फोन. काय बाळ, फिरायला निघालास?"

ताई पट्टीकडे बघत राहिली. सफाईला जास्तीचं डिझेल लागतं. हा ती अर्ध्यात बंद करतो. जळायचं राहिलेलं डिझेल जाणार कुठे? भिंतींवरून ओघळून खाली तेलाच्या चेंबरमधे. दिवसाला तीन वेळा, चार वेळा, साडेचार महिने.

"मुकादमांना सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांग." बारक्याने फडकं घेऊन बोटं पुसली. एकेक बोट. "गाडी कंपनीत जाईल. तीन आठवडे. मी घरी. आणि बायकोला काय सांगू? की या वेळी मी नाही सोडली, गाडीने मला सोडलं?"

ताईने पट्टी परत जागेवर घातली.

"दीड महिना, ताई. सोडणाऱ्यांतला माणूस आहे मी, माहीत आहे मला. पण या वेळी नाही सोडणार. दीड महिना तेवढा बघ."

त्याने याआधी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं असं नाही. सायकल मागितली होती, सिनेमाला पैसे मागितले होते, एकदा तर वडलांना काय सांगायचं ते मागितलं होतं. पण राहण्यासाठी काही मागण्याची ही पहिलीच वेळ.

दुपारी गाड्या परतल्यावर ताई पाट टाकून गाडीखाली सरकली आणि चेंबरचा नट सैल केला. तीन लिटर काढलं. जुन्या तेलाच्या पिंपात ओतलं, नट आवळला, पट्टी बघितली. बरोबर मधे. अक्षर न् अक्षर खरं 'बरोबर'.

नवं तेल घालायचं तर स्टोअरची चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर मुकादमाची सही, आणि सहीच्या आधी प्रश्न. म्हणून घातलं नाही. दुधात पाणी पडलं म्हणून दोन पेले ओतून दिले तर उरलेलं दूध दाट होत नाही, हे तिला स्वयंपाकघरात तीस वर्षं ठाऊक होतं. गाडीखाली मात्र ते आठवलं नाही. का आठवू दिलं नाही, देव जाणे. खुणेवर आणलं म्हणजे बरं केलं, असंच तिच्या मनाने घेतलं. तापलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून खाली आणावा आणि म्हणावं, उतरला बघा ताप.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी. तीन लिटर, मग साडेतीन. रजिस्टरात 'बरोबर'खाली टिकमार्कांची रांग अशी सरळ, की शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटली असती.

पाचव्या आठवड्यात इंजिन बोलायला लागलं. थंड असताना नाही, गरम झाल्यावर. खालून, अगदी पोटातून, टक टक टक. कुणीतरी आत अडकलंय आणि फार त्रास न देता दार वाजवतंय, असं. आवाज ताईने ओळखला. नवऱ्याने एकदा ताटावर चमचा वाजवून दाखवला होता: बेअरिंग गेलं की असं बोलतं, आणि एकदा बोललं की गप्प बसत नाही.

ती मुकादमाच्या खोलीत गेली. मुकादम फोनवर कुणाला तरी झापत होता. तिला बघून फोन खाली ठेवला आणि हसला.

"या ताई. तुमचा भाऊ हिरा निघाला बरं का. एक दिवस नाही चुकला. मी बायकोशी पैज लावली होती, दोन महिन्यांत पळेल म्हणून. हरलो."

"ती गाडी जरा..."

"काय झालं गाडीला?"

"आवाज करते."

"तेल?"

ताईच्या तोंडात उत्तर तयारच होतं. महिनाभर रोज लिहिलेलं. "बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग करू दे आवाज. आपण नाही करत? अकरा दिवस राहिलेत. त्यानंतर बघू."

अकरा दिवस. बाहेर येऊन तिने बोटांवर मोजले, आणि त्याच बोटांनी संध्याकाळी बारक्याला खुणावलं: गाडी हळू चालव. जणू हळू मरण्याने मरण टळतं.

चौथ्या दिवशी, साडेअकरा वाजता, चढावरच्या गल्लीत पिस्टनचा दांडा तुटला. इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला आणि पातळ झालेलं तेल, निम्मं तेल आणि निम्मं डिझेल, तापलेल्या सायलेन्सरवर उडालं. पिवळा दिवा तेव्हा लागलेला होता. बारक्याचा हात चावीकडे चाललेला होता.

पुढचं काकांनी सांगितलं. काका म्हणजे गाडीच्या मागच्या पायरीवर उभे राहून डबे उचलणारा माणूस. साठीला टेकलेले, सगळ्या डेपोचे काका. ते डेपोच्या पायरीवर बसून सांगत होते.

"धडाड झालं, ताई. मला वाटलं टायर. मग बघतो तर पुढून जाळ. हा उतरला, मला पायरीवरून ओढलं, लांब ढकललं. सुटलो होतो आम्ही दोघं. कळलं का तुम्हाला? सुटलो होतो."

"मग?"

"गाडी कुठे उभी होती माहीत आहे? एका घराच्या सज्जाखाली. वर लहान मुलांचे कपडे वाळत होते. हा बघत राहिला त्या कपड्यांकडे. मी म्हटलं, चल, येतील बंबवाले. तर हा परत चढला. ब्रेक सोडला आणि उतारावरून मागे आणली गाडी, मोकळ्या जागेपर्यंत. इंजिन बंद, स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि निखाऱ्यासारखं तापलेलं. त्याने ते सोडलं नाही हो. सोडलंच नाही."

इस्पितळात बारक्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. डॉक्टर म्हणाले डावा बरा होईल. उजव्याचं सांगता येत नाही; मूठ मिटेल की नाही ते बघावं लागेल, दोन-तीन शस्त्रक्रिया तरी होतील. बारक्या गुंगीत होता. भावजय उशाशी बसली होती. ती ताईला म्हणाली, "वन्सं, दहाच दिवस राहिले होते हो." सात राहिले होते. ताईने दुरुस्त केलं नाही.

व्हरांड्यात मुकादम भेटला. त्याने ताईला खिडकीपाशी नेलं आणि फार मऊ आवाजात बोलला. या आवाजात तो फक्त साहेबांशी बोलत असे.

"परवा कंपनीचा माणूस येतोय चौकशीला. घाबरायचं नाही. आपलं रजिस्टर आरशासारखं आहे. तेल रोज बरोबर. म्हणजे दोष इंजिनाचा, त्या एकाच इंजिनाचा, कारखान्यातनंच आलेला. कंपनी गाडी बदलून देईल. बारक्या कामावर जखमी झालाय, इलाज सगळा डेपोचा. आणि त्याने गल्ली वाचवली. साहेब स्वतः म्हणाले, त्याला कायम करा, बसून करण्यासारखं काम द्या. तुम्ही फक्त रजिस्टर पुढे करा. बोलायचीसुद्धा गरज नाही."

"आणि नाही केलं तर?"

मुकादमाने तिच्याकडे नीट बघितलं. तो मूर्ख नव्हता. "ताई," तो म्हणाला, "बिघाड माहीत असून गाडी चालवली, असं निघालं, तर इलाज नाही, नोकरी नाही, वर गाडीची भरपाई. हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही, आणि तुम्ही मला विचारलेलं नाही."

ताई मान हलवून घरी आली. ठरवलं: रजिस्टर पुढे करायचं. भावाच्या दोन हातांपुढे खरं-खोटं कुठे घेऊन बसायचं?

ठरवलेलं एक रात्र टिकलं. सकाळी डेपोत गेली तर त्या बावीस गल्ल्यांवर तशीच दुसरी नवी गाडी लावलेली. नव्या गाड्या पाच आल्या होत्या. चार शहराबाहेर कचरा टाकायला मोकळ्या रस्त्याने पळायच्या, म्हणून धडधाकट होत्या. त्यातली एक आठवड्यापूर्वीच गल्ल्यांच्या दुसऱ्या पाळीला आणली होती, आता दोन्ही पाळ्या तिच्यावर. ड्रायव्हर एक चष्मेवाला, अबोल माणूस, रोज डब्यात दोन फुलके जास्त आणायचा आणि काकांना द्यायचा. काका आजच परत कामावर आले होते आणि मागच्या पायरीवर फडकं मारत होते.

ताईने पट्टी ओढली. खुणेच्या अर्धं बोट वर. वास घेण्याची गरज नव्हती, तरी घेतला.

"ठीक ना, ताई?" चष्मेवाल्याने विचारलं.

"पिवळा दिवा लागतो का?"

"लागतो. चावी बंद केली की जातो. बारक्याने शिकवलंय."

ताईने पेन काढलं. 'बरोबर'च्या रकान्यावर धरलं. मग रजिस्टर मिटलं आणि गाडीची चावी मागितली. त्याने का म्हणून विचारलं नाही, एवढी तिची डेपोत पत होती. चावी घेऊन ती सरळ मुकादमाच्या खोलीत गेली. कंपनीचा माणूस एक दिवस आधीच आला होता. समोर कागद, शेजारी मुकादम.

"रजिस्टर आणलंत? छान," मुकादम म्हणाला.

"रजिस्टर खोटं आहे," ताई म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. तेल वर येतं ते. वास. चावी बंद करून दिवा गप्प करायची युक्ती, जी गल्ल्यांतले ड्रायव्हर करतात. दर शनिवारचे तीन लिटर, मग साडेतीन. पिंपातलं तेल तपासा म्हणाली, त्यात निम्मं डिझेल निघेल. टेबलावर चावी ठेवली आणि सांगितलं की ही गाडीही त्याच वाटेवर आहे, आज बाहेर काढू नका. कंपनीचा माणूस लिहीत होता. तरुण नव्हता, उद्धटही नव्हता. मधेमधे पेन उचलून "जरा सावकाश, बाई" म्हणत होता. मुकादम भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होता.

"हे ड्रायव्हरला माहीत होतं?"

हा प्रश्न येणार, हे तिला चालत येतानाच कळलं होतं. खरं सांगायचं होतं ते गाडीसाठी, काकांसाठी, त्या चष्मेवाल्यासाठी. ते सांगून झालं होतं. यापुढचं खरं कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं, फक्त एका माणसाला बुडवणारं होतं.

"नाही," ताई म्हणाली. "त्याला काही माहीत नव्हतं. मी एकटीने केलं. माझा भाऊ कायम व्हावा म्हणून."

कंपनीच्या माणसाने पेन थांबवलं. कागदांच्या खालून दुसरा एक कागद काढला आणि वाचला.

"मी काल रात्रीच इस्पितळात जाऊन आलो," तो म्हणाला. "त्यांना सही करता येत नाही, म्हणून अंगठा घ्यायला गेलो, तर अंगठाही पट्टीत. पायाचा घेतला." त्याने कागद तिच्याकडे फिरवला. "ते म्हणतात, तेल वाढतंय हे मला माहीत होतं. मीच लपूनछपून काढत होतो. बहिणीला यातलं काही ठाऊक नाही, ती पट्टी बघायच्या आत तेल खुणेवर असायचं. तिला यात ओढू नका."

पंखा फिरत होता. मुकादम हळूच म्हणाला, "दोघंच्या दोघं."

तिला माहीत नव्हतं असं भाऊ म्हणत होता, त्याला माहीत नव्हतं असं बहीण म्हणत होती, आणि स्वतःला माहीत होतं हे दोघंही कबूल करत होते. कंपनीच्या माणसाने दोन्ही कागद एकाला एक टाचले. त्याला वाईट वाटत असावं, कारण टाचणी त्याने दोनदा मारली. दोन्ही गाड्यांच्या चाव्या त्याच दिवशी जमा झाल्या, दुसरी गाडी उचलून कंपनीत नेली. त्या आठवड्यात ताईला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं आणि बारक्याला इस्पितळाने सांगितलं की शुक्रवारपर्यंतचं डेपो बघेल, पुढचं तुमचं तुम्ही.

शुक्रवारी ताई गेली तेव्हा भावजय पिशव्या भरत होती. तिने ताईकडे बघितलं नाही. "सरकारी इस्पितळात न्यायचंय," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, पिशवीचे बंद बांधता बांधता, "तुम्ही रजिस्टर तेवढं पुढे करायचं होतं, वन्सं. तेवढंच तर करायचं होतं." आणि गाडी आली का बघायला खाली निघून गेली.

ताई खाटेजवळच्या स्टुलावर बसली. बारक्या छताकडे बघत होता.

"खोटं बोलायचं होतं तर मला विचारायचंस तरी," ती म्हणाली.

"तू विचारलंस?"

"मी मोठी आहे."

"म्हणून मला वाटलं, तू खरं बोलशील." त्याने मान वळवली. हसायला गेला, पण भुवया जळलेल्या चेहऱ्यावर ते नीट बसलं नाही. "काका?"

"बरे आहेत. जुन्या गाडीवर टाकलंय त्यांना."

"हं."

खाली एक गाडी आली, इंजिन चालू ठेवून उभी राहिली. दोघंही नकळत त्याचा आवाज ऐकत बसले. ठीक होतं ते इंजिन.

"डॉक्टर म्हणाले, उजवा मिटायचा नाही," बारक्या म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला कधी सांगितलं?"

"मंगळवारी."

"मला आज सांगितलं." त्याचे डोळे भरून आले आणि पुसायला काही नव्हतं. त्याने चेहरा उशीत घुसवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ताईने पदर पुढे केला तसा तो चिडला. "ते राहू दे. नाक खाजव. सकाळपासून खाजतंय, हिला सांगायची सोय नाही, बोलतच नाहीये ती माझ्याशी."

ताईने खाजवलं.

"डावीकडे."

तिने डावीकडे खाजवलं.

"अजून जरा."